आमचा जुना ट्रॅक्टर आणि त्याची वही

आम्ही सांगोल्याकडच्या एका बचत गटातल्या अकराजणी. माइकपुढं आज एकटीच बसलीय, पण हे बोलणं सगळ्यांनी बसून जुळवलंय, म्हणून "आम्ही" असंच बोलते.

आमच्या भागात डाळिंब. दोन ओळींच्या मधे मोठा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात, फळं गळतात. म्हणून लहान ट्रॅक्टरला मागणी असते. गटाच्या शिल्लकीत बँकेचं कर्ज घालून आम्ही तीन वर्षांपूर्वी एक जुना घेतला. १८ हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, सोबत साडेतीन फुटी रोटाव्हेटर आणि छोटी ट्रॉली. द्राक्षबागेतून आलेला होता. रंग चकचकीत, मागचे टायर जवळजवळ नवे.

आता खरं सांगायचं तर आपण म्हैस घेताना काय करतो? दात बघतो, सड बघतो, स्वतः धार काढून बघतो. ट्रॅक्टर घेताना मात्र आम्ही लांब पदर सावरत उभ्या राहिलो. बरोबर आलेल्या पुरुषमाणसांनी टायरला लाथ मारून मान डोलावली आणि आम्ही पैसे मोजले.

आज पुन्हा घ्यायचा झाला, तर आम्ही सकाळी लवकर, न सांगता जाऊ. आधी इंजिनला हात लावून बघू. गरम लागलं, तर मालकानं आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलाय, म्हणजे थंडीत तो सुरू व्हायला त्रास देतो. मग डिपस्टिक ओढून ऑईल बघू. दुधाळ चहासारखं दिसलं, तर ऑईलमधे पाणी उतरलंय, तिथूनच माघारी फिरायचं. चालू केल्यावर सुरवातीला थोडा धूर येतोच. पण इंजिन तापल्यावरही निळा धूर येत राहिला, तर ते ऑईल जाळतंय. कामावर दाट काळा आला, तर हवेची वाट तुंबलीय किंवा नोझलचं काम आहे. आणि द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरचे टायर बघून फसू नका. तो हळूहळू चालत तासन् तास फवारणीचा ब्लोअर फिरवतो. चाकं झिजत नाहीत, पण क्लच आणि पीटीओ झिजलेला असतो. औषधांनी वायरी आणि पत्रा खाल्लेला असतो. हे आम्हाला नंतर कळलं.

कागदांचं एवढंच सांगते. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

तर, दुसऱ्याच महिन्यात आमच्यावर प्रसंग आला. वैशाखाचं ऊन, एका बागेत रोटाव्हेटर चाललेला. चालवायला आमच्यातल्या एकीचा पुतण्या. तापमानाचा काटा घेतल्यापासूनच बंद होता. त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. रेडिएटरमधून वाफ निघाली तेव्हा घाबरून त्यानं बोअरचं गार पाणी त्या लाल झालेल्या इंजिनावर ओतलं. हेड वाकलं, गॅस्केट गेलं. १९ हजार रुपये आणि बारा दिवस. ऐन कामाचे बारा दिवस.

त्या महिन्याचा हप्ता आम्ही शिल्लकीतून भरला. बैठकीत नको ते बोलणं झालं. पोरगा कुणाचा, ट्रॅक्टर घ्यायचं कुणी काढलं, सगळं निघालं. दोघीजणी तर पुढं दोन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. घरोघरी एकच सल्ला, "बायकांचं काम नव्हं ते, विकून टाका."

विकणारच होतो. पण गॅरेजात गेलो, तेव्हा मेस्त्रीमामांनी रेडिएटरची पुढची जाळी काढून आमच्या हातात दिली. आत वाळलेलं गवत आणि भुसा असा गच्च बसला होता की उशी भरावी. हवा जायला जागाच नाही. शिवाय पंख्याचा पट्टा ढिला. मामा म्हणाले, "ताई, हे झाडायला मेस्त्री लागत नाही. चूल रोज सारवता, तसंच आहे हे." आम्हाला ते लागलं. राग आला आणि पटलंही. मग आम्हीच म्हटलं, मामा, शिकवा. चौघीजणी आठवड्यातून एकदा अर्धा दिवस त्यांच्याकडं जायला लागलो. लोक हसले. लहान पोरं बघायला यायची. एकदा काळे हात घेऊन आम्ही एस.टी.त बसलो, तर कंडक्टरनं तिकिटाचे सुटे पैसे चिमटीत धरून घेतले!

आता रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा, इंजिन थंड. डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची, ऑईल दोन खुणांच्या मधे पाहिजे. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे चुलीपुढं बसणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. बोअरच्या पाण्यातले क्षार भांड्याला धरतात तसे आतल्या नळ्यांनाही धरतात, म्हणून आम्ही कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घालतो. जाळी रोज झाडायची, आणि पाणी मारायचं झालं तर इंजिनकडून बाहेरच्या बाजूला, हळू धारेनं, म्हणजे पातळ पट्ट्या वाकत नाहीत. पट्टा अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. एअर क्लीनरच्या खालच्या वाटीत ऑईल असतं, धूळ त्यात बसते. रोटाव्हेटरचं काम असेल तर ती वाटी रोज उघडून बघायची. खाली गाळ साठला की वाटी डिझेलनं धुवून खुणेपर्यंत नवं ऑईल. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. चहा उकळतोय तोवर होतं.

डिझेल संपेपर्यंत चालवू नका. टाकी रिकामी झाली की नळीत हवा शिरते, मग डिझेल घातलं तरी इंजिन धरत नाही. आमचं तसं झालं, भर संध्याकाळी, दुसऱ्या गावात. पण तोवर आमच्यातली एक शिकली होती. तिनं फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू पान्यानं थोडा ढिला केला, हातपंप मारत राहिली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुडे थांबून साफ डिझेल आलं, तसा स्क्रू आवळला. दुसऱ्यांदा चावी दिली आणि चालू. त्या बागेच्या मालकानं घरातून बायकोला बोलावून आणलं हे बघायला.

आता जरा लक्ष देऊन ऐका. मागं जो दांडा रोटाव्हेटरला फिरवतो, तो पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक त्यात गेलं, तर ओरडायच्या आधी आठ-दहा वेढे पडलेले असतात. आमच्यातल्या एकीचा पदर गेला होता. पदर जुना, विरलेला होता, फाटला आणि ती वाचली. नवं नायलॉन असतं तर आज आम्ही दहाजणी असतो. त्या दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर आधीच्या मालकानं काढून टाकलेलं होतं, ते आम्ही दुसऱ्याच दिवशी नवं बसवलं. साडीवर शर्ट घालायचा, पदर आत खोचायचा, केस बांधायचे, ओढणी नको. आणि इंजिन बंद करून चावी काढून आपल्या कमरेला लावल्याशिवाय कुणी मागं जायचं नाही. उचललेल्या रोटाव्हेटरच्या खाली तर नुसत्या लिफ्टच्या भरवशावर शिरूच नका. खाली जाड लाकडाचे ठोकळे लावा, मगच पाती बघा.

ट्रॉलीचंही एक आहे. ती खालच्या हुकालाच जोडायची. वरच्या लिंकला साखळी बांधून ओढलं, की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. लहान ट्रॅक्टर आहे म्हणून तो हलका नसतो.

रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट दर चार-पाच तासांनी आवळायचे. एक ढिलं राहिलं की उडतं आणि शेजारच्याला घेऊन जातं. पातं बसवताना धार फिरायच्या दिशेकडं पाहिजे. एकदा आमच्याकडून दोन उलटी बसली, तर सगळा ट्रॅक्टर थरथरायला लागला. गिअर बॉक्समधे ९० नंबरचं ऑईल. दांड्याच्या सांध्यांना रोज ग्रीस. काही शाफ्टला एक मऊ बोल्ट असतो, दगड लागला की तो तुटतो आणि बाकीचं वाचतं. सारखा तुटतो म्हणून कडक बोल्ट घालायचा मोह होतो. घालू नका, मग दगड लागल्यावर गिअर बॉक्स तुटेल.

आणि वही. शंभर पानी साधी वही, सीटखाली पिशवीत. काम सुरू करताना अवर मीटरचा आकडा, संपल्यावरचा आकडा, डिझेल किती, कुणाच्या बागेत, कुणी चालवला, आणि काही आवाज, वास, गळती. चालवणाऱ्यानं लिहिल्याशिवाय त्याची मजुरी नाही. पुतण्या आधी कुरकुरला. आता तोच सांगतो, "काकी, आज उजवीकडून चिर्र आवाज होता, लिहिलंय." पूर्वी तो सांगायला भीत होता, बोलणी बसतील म्हणून. ते आमचंही चुकत होतं.

या वहीनंच गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट दाखवली. तासाला अडीच लिटरच्या आसपास लागणारं डिझेल साडेतीनवर गेलं होतं. आमच्यातल्या दोघींना चोरीचा संशय आला, पुन्हा भांडणाचाच रंग दिसायला लागला. मग वही पुढं ठेवून महिनाभराची पानं बघितली. कोणी चालवला तरी खर्च वाढलेलाच होता. म्हणजे माणूस नाही, यंत्र. पाती बघितली तर झिजून निम्मी, आणि झिजली म्हणून खोल दाबून चालवत होते. पूर्ण सेट बदलला, डिझेल पुन्हा खाली आलं.

पैशाचा हिशेबही त्याच वहीवर चालतो. मीटरच्या प्रत्येक तासामागं १०० रुपये वेगळ्या डब्यात. हप्ता थकला तरी त्याला हात लावायचा नाही, असा ठराव आहे. एकदा मोडला, लग्नसराईत, तो परत भरायला आम्हाला सहा महिने लागले.

सध्या डब्यात १४ हजार आहेत. कर्जाचे पाच हप्ते राहिलेत. क्लच घसरायला लागलाय, चढाला इंजिन ओरडतं आणि चाक फिरत नाही. मृगाआधी तो करून घ्यायचाय. मेस्त्रीमामांना दिवस विचारलाय आणि सांगून ठेवलंय, क्लच उघडायच्या वेळी आम्ही चौघी तिथं असणार, झाकायची घाई करू नका.