नेटवर्कमधली नोकरी आणि बिघाड शोधण्याची विद्या



४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर एकदमच बंद पडलं. पूर्ववत व्हायला सहा-सात तास लागले. नेटवर्कच्या क्षेत्रात कोण काय करतं, हे त्या रात्रीच्या बिघाडातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं पदनामांच्या यादीतून दिसत नाही.

या तिन्ही सेवा चालवणाऱ्या फेसबुक कंपनीने नंतर स्वतःच खुलासा केला. डेटा सेंटर एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कवर देखभालीचं नेहमीचं काम चालू होतं. क्षमता तपासायला एक कमांड दिली गेली आणि तिने सगळेच दुवे तोडले. अशी कमांड अडवणारं सॉफ्टवेअर होतं, पण त्यातच दोष होता. नावावरून पत्ता सांगणारे डीएनएस सर्व्हर चालू होते. मात्र डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर, मुळात ठरवून दिल्याप्रमाणे, त्यांनी आपल्यापर्यंत येणारे मार्ग मागे घेतले. हे मार्ग बीजीपी या प्रोटोकॉलने जगाला कळवले जातात. ते मागे घेतल्यावर सर्व्हर असून नसल्यासारखे झाले. दुरून दुरुस्ती करण्याची राखीव वाटही चालेना. शेवटी इंजिनिअर प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, आणि तिथल्या कडेकोट सुरक्षेतून उपकरणापर्यंत पोहोचण्यातच बराच वेळ गेला.

आता हीच कामं आपल्याकडच्या नोकऱ्यांत पाहा. पडद्यावरचा पहिला लाल इशारा पाहायचा, टिकेट उघडायचं, प्राथमिक तपासणी करायची आणि सुटलं नाही तर वर पाठवायचं, हे नॉकमधल्या, म्हणजे नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधल्या, एल-वन इंजिनिअरचं काम. आपली अनेक मुलं-मुली इथूनच सुरुवात करतात. राउटर, स्विच, फायरवॉलच्या कॉन्फिगरेशनला हात लावतात ते एल-टू आणि एल-थ्री. मुख्य वाट बंद पडली तर राखीव वाट तिच्याबरोबर बुडू नये, हे आधीच पाहणारा आर्किटेक्ट. कमांड तपासणारं सॉफ्टवेअर लिहितो तो ऑटोमेशनवाला. त्याला पायथन यावीच लागते. आणि रॅकपाशी उभा राहून काम करणारा फील्ड इंजिनिअर. त्याला आपल्याकडे ‘केबल ओढणारा’ म्हणून बाजूला सारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे नेऊ नये, हे ज्याने हाताने काम करून शिकलेलं असतं, त्याला टोकाच्या खोलीतलं नेट का अडखळतं याचा अंदाज इतरांच्या आधी येतो.

जाहिरातीत मागतात पदवी किंवा डिप्लोमा, सीसीएनए हे सिस्कोचं प्रमाणपत्र आणि वर्ष-दोन वर्षांचा अनुभव. सीसीएनए जरूर करा. अर्ज पुढे सरकायला ते उपयोगी पडतं. मुलाखतीत मात्र साधा प्रश्न येतो: वापरणारा म्हणतो नेट बंद आहे, कुठून सुरुवात कराल? इथे पाठांतर करून आलेली मुलं थेट राउटरवर उडी मारतात. खालून वर चढायला हवं. केबल नीट बसली आहे का? पोर्टचा दिवा लागतो का? आयपी पत्ता मिळाला का? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून पत्ता आलेलाच नाही. पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आयपीला. तिथून उत्तर येतं आणि संकेतस्थळाच्या नावाने मात्र काही उघडत नाही, तर संशय डीएनएसवर. हा क्रम अंगवळणी पडलेला उमेदवार पाच मिनिटांत ओळखू येतो.

दुसरी गरज लिहिण्याची. पाळी बदलताना पुढच्या माणसाला तुमच्या नोंदीवरूनच काम उचलायचं असतं. काय झालं, किती वाजता, काय तपासलं, काय बदललं, एवढंच लिहायचं. मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये. चार छोटी, बिनचूक वाक्यं पुरतात आणि ती सरावाने येतात.

पालकांना रात्रपाळीची चिंता असते, आणि ती रास्त आहे. वापर कमी असताना बदल करायचे म्हणून हे काम बरंचसं रात्रीच चालतं. नोकरी स्वीकारण्याआधी पाळ्या किती दिवसांनी बदलतात, जाण्यायेण्याची गाडी मिळते का, हे मुला-मुलींनी स्पष्ट विचारावं. असं विचारल्याने कुणी नोकरी नाकारत असेल, तर तिथे न गेलेलंच बरं.

सरावासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. दोघांनी मिळून बसा. एकाने मुद्दाम व्हीलॅन चुकवायचा किंवा गेटवे बदलायचा, दुसऱ्याने तो शोधायचा आणि शोधताना प्रत्येक पायरी वहीत लिहायची. सबनेटिंग कागदावर करा: /२६ म्हटलं की ६४ पत्ते, त्यातले उपकरणांना देता येतात ६२, हे कॅल्क्युलेटर न घेता सांगता यायला हवं. तेवढं जमलं की सीसीएनएच्या परीक्षेची तारीख घ्या.