निवृत्तिवेतन : मेहेरबानी नव्हे, हक्क
(भाषणाचा मजकूर)



चौमूं हे जयपूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. अशा गावांतील तरुणांना जयपूरचे राजस्थान विद्यापीठ ठाऊक असते ते प्राध्यापकांमुळे. गुणपत्रिका तयार करणारा कारकून आणि प्रयोगशाळा सांभाळणारा परिचर मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीत. त्यांच्या म्हातारपणाचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात मान्य केले. तरीही 1 जानेवारी 2004 पासूनच्या नव्या नेमणुका बाजाराच्या चढउतारावर सोडलेल्या अंशदायी योजनेत ढकलल्या गेल्या. 2022 मध्ये राजस्थान सरकारने जुनी योजना पुन्हा आणली.

परंतु विद्यापीठ कर्मचाऱ्याची कोंडी दुहेरी असते. सरकारकडे जावे, तर विद्यापीठ स्वायत्त आहे. विद्यापीठाकडे जावे, तर तिजोरी रिकामी आहे!

महाराष्ट्रात विद्यापीठ व महाविद्यालयीन शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि 20 तारखेपासून संप पुकारला. 10, 20 व 30 वर्षांच्या सेवेनंतरच्या आश्वासित प्रगतीचा लाभ ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. परीक्षांचे काम अडले, तेव्हाच ही अदृश्य माणसे शासनाला दिसली.

यातून धडा एकच. आदेशाने मिळालेला लाभ आदेशानेच काढून घेता येतो. म्हणून जेथे अंदाजपत्रक ठरते, तेथे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला प्रतिनिधी बसला पाहिजे. आणि त्याच्या पाठीशी कायम व कंत्राटी, दोन्ही कामगारांची एकजूट उभी राहिली पाहिजे.