दगडांची साक्ष
(विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझा आजचा विषय आहे ‘जीवाश्म’. जीव आणि अश्म, म्हणजे दगड, या दोन शब्दांचा हा संधी. फार प्राचीन काळी होऊन गेलेल्या प्राण्यांचे आणि वनस्पतींचे जे अवशेष किंवा ठसे खडकांत टिकून राहिले, त्यांना जीवाश्म म्हणतात.

हे घडते कसे? रानात एखादे जनावर मेले तर कोल्ही-गिधाडे मांस खातात, उरलेले किडे संपवतात, ऊन-पावसाने हाडांचाही भुगा होतो. काही वर्षांनी तेथे काही होते याचा मागमूसही राहत नाही. परंतु तेच जनावर नदीकाठी किंवा तळ्यात मेले आणि लगेच गाळाखाली गाडले गेले, तर गोष्ट वेगळी होते. मऊ भाग कुजतो, हाडे आणि दात मागे राहतात. गाळावर गाळ बसतो. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. ते हाडांच्या बारीक छिद्रांत शिरून तेथे घट्ट होतात. हजारो-लाखो वर्षांत गाळाचा खडक होतो आणि हाडाचा दगड. आकार हाडाचाच, वजन मात्र दगडाचे! झाडाच्या खोडाचेही असेच होते. कधी मूळ वस्तू नाहीशी होते आणि पानाचा, शिंपल्याचा किंवा पावलाचा नुसता ठसा उरतो. इतके योग जुळून यावे लागत असल्याने हे भाग्य फार थोड्या जीवांच्या वाट्याला येते.

आता हे दगड काय सांगतात ते पाहू. खडकांचे थर उलथापालथ न होता राहिले असतील, तर खालचा थर जुना आणि वरचा नवा. म्हणून कोणता जीव आधी आणि कोणता नंतर, हे थरांवरून समजते. कोठे पाणी होते आणि कोठे जमीन, हेही समजते. आपले हिंदू बांधव ज्या शाळिग्रामाची पूजा करतात, तो गंडकी नदीत सापडणारा दगड म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एका शंखधारी प्राण्याचा जीवाश्म. याचा अर्थ, आज जेथे हिमालय उभा आहे तेथे एके काळी समुद्र होता.

असा विचार आपल्या पूर्वसूरींनीही केला होता. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी खणताना निघणारे शिंपले-कवड्यांचे दगड पाहून, ही भूमी पूर्वी समुद्राखाली असली पाहिजे असे अल्-बिरूनीने सुमारे 1000 वर्षांपूर्वी लिहून ठेवले. त्याच काळातील इब्न सीना यानेही प्राण्यांचे आणि वनस्पतींचे दगड का होतात याची कारणे निसर्गातच शोधली.

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. पालकांनी, विशेषतः मुलींच्या पालकांनी, ती लक्ष देऊन ऐकावी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचे गाव आहे. तेथे एका गरीब सुताराच्या घरी 1799 साली मेरी अॅनिंग जन्मली. 1810 मध्ये वडील वारले, मागे कर्ज राहिले. समुद्रकाठच्या कड्यांतून निघणारे दगडी शिंपले प्रवाशांना विकून हे कुटुंब पोट भरी. 1811 साली तिच्या भावाला एक विचित्र कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने त्याच प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधला. तो प्राचीन समुद्रात पोहणारा मोठा सरपटणारा प्राणी होता. तेव्हा मेरीचे वय अवघे 12-13 वर्षांचे! शालेय शिक्षण नाममात्र, परंतु पुढे मोठमोठे विद्वान तिच्याकडे विचारायला येऊ लागले. तरीही लंडनच्या भूविज्ञान संस्थेचे दार स्त्रियांना बंद होते. तिच्या हयातीत ते उघडले नाही. 1847 मध्ये ती वारली.

अशा सांगाड्यांच्या पोटात काही दगडी गोळे असतात, हे मेरीच्या ध्यानात आले होते. ती त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा निघाली. हसू नका! असेच गोळे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा येथे सापडतात. ते तृणभक्षी महाकाय डायनोसॉरचे असावेत असे मानतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. भाताचे पान उलटे ओढले तर बोट कापते, कारण त्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. पान कुजले तरी ते कण टिकतात. या गोळ्यांत तसेच गवताचे कण मिळाले, त्यांतील काही भात आणि बांबू यांच्या गोतातल्या गवतांचे. डायनोसॉर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. गवतांचा विस्तार त्यानंतरचा, असा तोपर्यंत समज होता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने तो बदलला. ज्याकडे पाहून नाक मुरडावे, त्या वस्तूने जगाच्या पाठ्यपुस्तकात दुरुस्ती केली!

विद्यार्थी मित्रांनो, रानात असा काही दगड दिसला तर तो फोडू नका, उचलून घरीही आणू नका. जागेवरून हलला की त्याची अर्धी साक्ष गेली. जागा लिहून ठेवा, चित्र काढा आणि आपल्या शिक्षकांना सांगा.

आणि पालकहो, आपली परिस्थिती बेताची आहे हे मी जाणतो. पण मेरीच्या घरची आपल्याहून बरी नव्हती. मूल दगड हातात घेऊन “अब्बा, हे काय आहे?” असे विचारते, तेव्हा “फेकून दे” म्हणू नका. उत्तर येत नसेल तर “चल, सरांना विचारू” म्हणा. मुलगी सातवी झाली म्हणून तिचे दप्तर खुंटीला टांगू नका. गाळाखाली गाडलेले हाड कोट्यवधी वर्षांनी बोलू लागते. मुलाबाळांची दडपलेली जिज्ञासा मात्र पुन्हा बोलत नाही.