रात्र गोठली होती का?



पत्रिकेत ‘वसंतातली हिमस्खलनं आणि सुरक्षित गिर्यारोहण’ असा विषय छापलाय. हिमस्खलन म्हणजे काय, कोरडं कोणतं, ओलं कोणतं, हे या सभागृहात नव्यानं सांगायला नको. पुढच्या रांगांत सारपास, रूपीनपास करून आलेली बरीच मंडळी दिसताहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. एप्रिल-मेमध्ये बर्फावरचा दिवस कसा जाणार, हे आदली रात्र ठरवते.

दिवसा उन्हानं वरचा बर्फ वितळतो, पाणी कणाकणांतून खाली झिरपतं. रात्र निरभ्र असली की बर्फातली उष्णता आकाशात निघून जाते, ते पाणी गोठतं आणि थर एकजीव होतो. पहाटे त्यावर बूट टणटणीत वाजतो. ऊन चढलं की पकड सुटते आणि भिजलेल्या साखरेसारखा झालेला तो थर ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून केव्हाही निघतो. आधी पूर्वेचे उतार, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. पण रात्रभर ढग राहिले तर ते उष्णता अडवतात आणि बर्फ नीट गोठतच नाही. मग पहाटे ३ला निघूनही काय उपयोग?

(मागून : “पुण्याची रात्र कुठे गोठते!” हशा.)

पुण्याची नाही गोठत, पण पुण्याची माणसं दर मे महिन्यात हिमालयातल्या बर्फावर जातात. म्हणूनच हे इथे बोलायचं.

एक प्रसंग सांगतो. कसोलच्या वर, नागारूच्या मुक्कामावर होतो. दुसऱ्या दिवशी सारपासची खिंड ओलांडायची होती. मध्यरात्रीनंतर आमचा वाटाड्या उठला. त्यानं आधी वर पाहिलं. एक चांदणी दिसत नव्हती. मग तंबूंपासून लांब, कुणाचा पाय पडला नव्हता अशा जागी जाऊन त्यानं टाच रोवली. ती घोट्यापर्यंत आत गेली. काठी दाबली, ती सरळ खाली उतरली. शेवटी मूठभर बर्फ घेऊन आवळला, तर बोटांतून पाणी निथळलं. “साब, आज नहीं,” एवढंच म्हणाला.

आमच्या गटात गहजब झाला. रजा संपत आलेली, गाडीचं आरक्षण झालेलं, पैसे भरलेले. शेजारचा गट पहाटे निघाला आणि संध्याकाळी तो सुखरूप पलीकडे उतरल्याचा निरोप आला. मग तर वाटाड्याला आमच्या लोकांनी काय काय ऐकवलं! मी आजही ठामपणे सांगतो, तो बरोबर होता. उतार त्या दिवशी सुटला नाही, एवढ्यानं तो भक्कम होता असं ठरत नाही. डोंगर चुकीच्या निर्णयालाही अनेकदा शाबासकी देतो. त्या शाबासकीवर विसंबून माणूस पुढच्या वेळी जीव गमावतो.

तिसऱ्या रांगेतल्या ताई मान हलवताहेत. ताई, भीती घालायला मी आलेलो नाही. जरूर जा, पण हाताशी एक दिवस राखीव ठेवून जा. सिक्कीममध्ये ४ एप्रिल २०२३ रोजी नाथुलाच्या रस्त्यालगत भर दुपारी हिमस्खलन झालं, ७ पर्यटक गेले. ती माणसं शिखर चढायला निघालेली नव्हती, बर्फ पाहायला आली होती. हा विषय फक्त गिर्यारोहकांचा नाही, तो असा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावड्याबद्दल थोडक्यात. गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती फार थोडी उरते. तेवढ्या वेळात बचावपथक पोचत नाही, सोबतीच काय ते काढतात. म्हणून ही तिन्ही साधनं प्रत्येकाजवळ हवीत, हात सरावलेले हवेत आणि शंकेचा उतार एकेकानं ओलांडायला हवा. डीआरडीओची चंदीगडची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तेही पाहत चला.

शेवटचं. या मोसमात पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन प्रश्न विचारा : रात्री बर्फ गोठला की नाही हे कोण तपासतं, आणि त्यानं ‘आज नाही’ म्हटलं तर तुम्ही ऐकता का? सरळ उत्तर मिळालं नाही, तर त्या गटाबरोबर जाऊ नका.