मेंदीच्या कुळातले एक जुने फळ



ज्या काळ्या दगडाने आपल्याकडे घरांचे जोते बांधतात, तो एके काळचा लाव्हारस आहे. तो एकदम आला नाही. एक थर येऊन थंड होई, पुष्कळ काळ जाई, तळी साचत, झाडे वाढत आणि मग नवा थर सारे झाकून टाकी. अशा दोन थरांमध्ये सापडलेल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे डॉ. बिरबल साहनी यांची आज ओळख करून द्यायची आहे.

त्यांचा जन्म १८९१ साली पंजाबातील भेरा गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. लाहोर आणि केंब्रिज येथे शिकून ते परत आले व १९२१ पासून अखेरपर्यंत लखनौ विद्यापीठात राहिले. १९३६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. फिरताना रोहतकजवळ त्यांना जुनी नाणी पाडण्याचे मातीचे साचे सापडले, तर त्यांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला! डोळे उघडे ठेवून चालणारा माणूस.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील चकमकीसारख्या कठीण दगडात एक फळ सापडले. पाण्यात विरघळलेली सिलिका फळाच्या पेशीपेशींत शिरून घट्ट झाली होती. असा दगड कापून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फळ कोणत्या कुळातले, हे मोठे कोडे होते. साहनींनी १९४३ साली ते मेंदीच्या कुळाजवळचे ठरवले आणि नाव दिले एनिग्मोकार्पन, म्हणजे कोड्यात टाकणारे फळ. आपल्या मुलींच्या हातावर रंगते ती मेंदी याच कुळातली.

या लाव्हाथरांच्या वयाचा वाद त्यांनी १९३४ साली पुन्हा उभा केला. जुने मत खटीयुगाचे होते; साहनी वनस्पतींच्या पुराव्यावरून त्यानंतरच्या युगाच्या बाजूने बोलले. आज किरणोत्सर्गी मापनाने हे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे येते, म्हणजे नेमके दोन युगांच्या सीमेवर. हे मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते; हातात होती ती पाने, फळे आणि लाकडे.

या विषयासाठी देशात स्वतंत्र संस्था हवी, म्हणून १९४६ साली त्यांनी पत्नी सावित्री यांच्यासह आपली ग्रंथसंपदा व जीवाश्मांचा संग्रह त्या कामी दिला. कोनशिलाही त्यांनी स्वतः घडवली. तिच्यात निरनिराळ्या काळांचे जीवाश्म बसवले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली. एका आठवड्यातच, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनी गेले.

आता खरी कसोटी सावित्रीबाईंची होती. त्या काही शास्त्रज्ञ नव्हत्या. संस्थेचा कारभार त्यांनी अंगावर घेतला, इमारत पुरी करून घेतली आणि १९५३ साली पुन्हा नेहरूंनाच बोलावून तिचे उद्घाटन करवले. लखनौला गेलात तर मुलांना ती कोनशिला अवश्य दाखवा.