दाढीचा साबण : एक कीं अनेक ?



मनुष्याच्या दिनक्रमांत कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं रोज करूनहि त्यांचा विचार मात्र कधींच केला जात नाहीं. दाढी करणें हें त्यांपैकींच एक. आरशापुढें उभा राहिलेला गृहस्थ त्या पंधरा मिनिटांत कचेरीचा, मुलांच्या परीक्षेचा, वाण्याच्या बिलाचा विचार करतो. हातांतल्या साबणाचा करीत नाहीं. आणि तरीहि या साबणावरून मंडळींत दोन पक्ष पडलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, एकदां जो साबण मानवला तो जन्मभर सोडूं नये. दुसरा म्हणतो, चारसहा साबण जवळ ठेवावे आणि ते आळीपाळीनें वापरावे. पहिल्याला एकसाबणव्रती म्हणावें आणि दुसऱ्याला बहुसाबणी. या दोघांचा वाद आज निवाड्यासाठीं घेतला आहे. वरवर पाहतां तो क्षुल्लक दिसतो. परंतु चेहऱ्याच्या कातडीचें आरोग्य त्यांत गुंतलेलें आहे, आणि परिणामावरून कारण कसें ओळखावें हा त्याहून मोठा प्रश्नहि त्यांत दडलेला आहे.

पूर्वींच्या पिढ्यांना हा वाद ठाऊक नव्हता, कारण त्यांना निवडच करावी लागत नसे. पंधरवड्यांतून तीन वेळां केस, दाढी व नखें काढावीं असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. पण तें काम स्वतः करण्याची चाल नव्हती. घरीं येणारा नाभिक धोकटी उघडी, वाटींत पाणी घेई आणि बोटांनीं तें दाढीवर पुष्कळ वेळ चोळी. साबण असला तर असे, नसला तर नुसत्या पाण्यावर भागे. निवड गृहस्थाकडे आली ती घरच्या घरीं वापरतां येणाऱ्या सुरक्षित वस्तऱ्याबरोबर. अमेरिकेंतील किंग कँप जिलेट यांनीं १९०१ सालीं त्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९०३ सालीं, विक्रीच्या पहिल्या वर्षीं, अवघे ५१ वस्तरे खपले. १९०४ सालीं पेटंट मिळालें, आणि १९१८ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं ३५ लक्ष वस्तरे मागविले. दाढी घरोघरची झाली, तशी साबणाची बाजारपेठहि वाढली. वडीच्या जोडीला कांडी आली, नळींतलें मलम आलें, आणि १९५० च्या सुमारास डब्याची कळ दाबतांच बाहेर पडणारा फेस आला. एकविसाव्या शतकांत गंमत अशी झाली कीं, त्या डब्याला कंटाळलेले अनेक लोक पुन्हां ब्रश व वडी यांकडे वळले. ठिकठिकाणीं लहान लहान साबणकार उभे राहिले, आणि चंदन, लिंबू, लॅव्हेंडर अशा नाना वासांच्या वड्या जमविणें हा एक छंदच होऊन बसला. बहुसाबणी पक्षाला खरें बळ मिळालें तें येथें.

निवाडा करण्यापूर्वीं साबणाचें काम काय, हें समजून घेतलें पाहिजे. दाढीचा केस मऊ होतो तो पाण्यानें. केस केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. दोनतीन मिनिटें ओला राहिला कीं तो फुगतो, आणि कोरड्या केसापेक्षां पुष्कळच कमी जोरानें कापला जातो. म्हणजे तो जुना नाभिक पाणी चोळीत बसे, तें शास्त्राला धरूनच होतें. साबणाचीं कामें तीन : केसांवरचा तेलकटपणा काढणें, पाणी फेसाच्या रूपानें चेहऱ्यावर धरून ठेवणें, आणि पात्याला घसरण देणें. यासाठीं दाढीचा साबण अंगाच्या साबणाहून वेगळा करतात. अंगाच्या साबणासाठीं सोड्याचा क्षार वापरतात, त्यानें वडी टणक होते. दाढीच्या साबणांत बहुधा पोटॅशच्या क्षाराचा भाग मोठा असतो, त्यानें वडी मऊ राहते व पाण्यांत लवकर विरते. त्यांत स्टिअरिक अम्लहि पुष्कळ असतें. त्यामुळें फेस बारीक, दाट व टिकाऊ होतो. खोबरेल तेलानें फेस झटपट उठतो, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर मोडतात. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतें. हीं द्रव्यें प्रत्येक साबणांत निराळ्या प्रमाणांत असतात. म्हणून एका साबणाला जेवढें पाणी लागतें, तेवढेंच दुसऱ्याला लागेल असें नाहीं.

एकसाबणव्रत्याचें म्हणणें येथून सुरू होतें. ब्रश किती ओला असावा, तो वडीवर किती वेळ फिरवावा, पाण्याचे थेंब केव्हां वाढवावे, हें वाचून येत नाहीं. तें हातालाच कळावें लागतें. पाणी कमी पडलें तर फेस चिकट होऊन चेहऱ्यावरच वाळतो. अधिक झालें तर तो पातळ होऊन ओघळतो. भाकरी करणाऱ्या बाईला नव्या पिठाचा अंदाज येण्यास जसे चार दिवस लागतात, तसेंच हें आहे. रोज पीठ बदललें तर भाकरी रोजच चिरेल, आणि दोष मात्र पिठावर जाईल. नव्यानें दाढी करूं लागलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत तर हा मुद्दा निर्णायक मानावा. त्याच्या हातीं एक साबण, एक ब्रश आणि एकाच प्रकारचें पातें द्यावें, व दोन महिने दुसरें कांहीं देऊं नये.

या वादाला एक तिसरा पक्षकारहि आहे. त्याला कोणी साक्षीला बोलावीत नाहीं. तो म्हणजे पाणी. ज्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात तें जड पाणी; शाळेच्या पुस्तकांत त्याला दुष्फेन म्हणतात. या क्षारांशीं साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो; त्यांत साबण खर्ची पडतो आणि फेस उठत नाहीं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इत्यादि तलावांतून येणारें पावसाचें पाणी मृदु असतें. दख्खनच्या काळ्या खडकांतल्या विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळदां जड निघतें. उन्हाळ्यांत नळ आटला, सोसायटीनें कूपनलिकेच्या पाण्याचा टँकर मागविला, कीं ऑगस्टांत लोण्यासारखा फेस देणारी वडी मे महिन्यांत रुसून बसते. बहुसाबणी लगेच दुसरी वडी काढतो. एकसाबणव्रती कारखानदाराला बोल लावतो. दोघेहि चुकतात. घरांत पिण्याच्या पाण्याचें आर. ओ. यंत्र असेल तर त्यांतील पेलाभर पाण्यानें फेस करून पाहावा. तो पूर्ववत् उठला तर साबण निर्दोष ठरला.

आतां बहुसाबणी पक्षाची बाजू. त्याचा पहिला मुद्दा असा कीं, कातडीला एकाच साबणाची संवय होते आणि मग त्याचा गुण येईनासा होतो. हा मुद्दा टिकत नाहीं. साबण हें कांहीं औषध नव्हे कीं शरीरानें त्याला दाद देऊं नये. केस भिजणें व पातें घसरणें हीं कामें शंभराव्या दिवशीं पहिल्या दिवसासारखींच होतात. संवय होते ती नाकाला. अत्तराच्या दुकानांत बसणाऱ्याला अत्तराचा वास जाणवत नाहीं, त्याप्रमाणें रोजच्या साबणाचा सुगंध मंद वाटूं लागतो, आणि साबणच उतरला असा भास होतो.

दुसरा मुद्दा ऋतूंचा. तो मात्र खरा आहे. कांहीं साबणांत मेंथॉल घातलेलें असतें. मेंथॉलनें कातडीचें तपमान उतरत नाहीं. थंडी ओळखणारे जे मज्जातंतू आहेत त्यांनाच तें चेतवितें, आणि गारवा भासतो. हें कार्य ज्या ग्राहकामार्फत चालतें त्याचा शोध डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापूटियन यांनीं स्वतंत्रपणें २००२ सालीं लाविला. २०२१ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालें. नागपूरच्या मे महिन्यांत असा साबण सुखावह वाटेल. नाशिकच्या जानेवारींत तोच नकोसा होईल, आणि तेव्हां अधिक स्निग्ध साबण बरा पडेल. ऋतुचर्या मानणाऱ्या समाजाला ही गोष्ट पटविण्याची गरज नाहीं.

तिसरा मुद्दा आवडीचा. सोमवारीं चंदन, मंगळवारीं लिंबू, यांत कोणाचें काय गेलें ? कांहीं नाहीं. फक्त हिशेब पाहावा. एका दाढीला एक ग्रॅम साबण धरला तर १०० ग्रॅमची वडी १०० दिवस पुरते. दहा वड्या एकदम वापरांत काढल्या तर त्या संपावयास १,००० दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षें, लागतील. तितक्या काळांत साबणांतल्या तेलांना खवटपणा येऊं शकतो, वास उडतो, आणि कांहीं सुगंधी द्रव्यें हवेंतील प्राणवायूशीं मिळून बदलतात. लॅव्हेंडरमधील लिनालूल आणि लिंबाच्या सालींतील लिमोनिन हीं मूळ रूपांत विशेष त्रासदायक नसतात. हवेनें पालटलेल्या रूपांत मात्र तीं कातडीला अधिक बाधक होतात.

यावरूनच त्या वादाचें वर्म हातीं लागतें. समजा, एका बहुसाबणी गृहस्थाच्या गालावर लाली आली, खाज सुटली, बारीक पुरळ उठलें. साबणांतील सुगंधी द्रव्याचें कातडीला वावडें असेल तर असें होतें. परंतु त्याची प्रतिक्रिया तत्काळ दिसत नाहीं. ती बहुधा एक ते तीन दिवसांनीं दिसते. म्हणजे सोमवारच्या चंदनी वडीचें पुरळ बुधवारीं उठतें, आणि बुधवारीं हातांत असते लिंबाची वडी. निरपराध लिंबाची वडी केराच्या टोपलींत जाते; चंदनी वडी कोनाड्यांत सुखानें राहते आणि पुढच्या सोमवारीं पुन्हां आपलें काम बजावते. महिन्या-दोन महिन्यांत तीन निर्दोष वड्या शिक्षा भोगतात, खरी अपराधी मोकळी सुटते, आणि अखेर आपली कातडीच नाजूक, असा निष्कर्ष काढून तो गृहस्थ स्वस्थ बसतो. एकसाबणव्रत्याला तपास सोपा जातो. त्यानें तो एक साबण बंद करावा, कातडी पूर्ववत् होईपर्यंत दाढीला विश्रांति द्यावी, आणि मग विचार करावा. बोथट पातें, केसांच्या उलट दिशेनें केलेली दाढी, कातडींत वळून वाढणारे केस, किंवा जंतुसंसर्ग यांनींहि पुरळ उठतें. म्हणून तें हटत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून, त्या काढल्यावर व पुन्हां एकदोन दिवसांनीं कातडी पाहून, नेमका अपराधी शोधण्याची रीत त्यांच्यापाशीं असते. त्याचें नांव कळलें म्हणजे वेष्टन वाचण्याचा उपयोग होतो. युरोपीय संघानें २००३ सालच्या निर्देशानें अशा २६ सुगंधी द्रव्यांचीं नांवें, तीं ठराविक प्रमाणाहून अधिक असल्यास, वेष्टनावर छापणें बंधनकारक केलें. २०२३ सालच्या नियमानें ती यादी बरीच वाढविली.

याचा अर्थ एकसाबणव्रत्याचा पूर्ण जय झाला असा नव्हे. त्याचा दोष आंधळ्या विश्वासाचा. वावडें पहिल्याच दिवशीं उत्पन्न होतें असें नाहीं. वर्षानुवर्षें मानवलेल्या द्रव्याचेंहि तें एखादे दिवशीं उत्पन्न होऊं शकतें. ‘वीस वर्षें हाच वापरतों आहे, तेव्हां तो कारण नव्हेच’ हा युक्तिवाद म्हणून फोल आहे. शिवाय नांव तेंच राहून आंतला माल बदलतो. चरबीच्या जागीं वनस्पतितेल येतें, सुगंध पालटतो, आणि वेष्टनाचा रंग तेवढा जुना राहतो. निष्ठा साबणावर असावी, छापावर असूं नये.

तेव्हां निवाडा असा. आरंभीं प्रत्येकानें एकसाबणव्रती व्हावें. निदान एक वडी संपेपर्यंत, म्हणजे सुमारें तीन महिने, तो साबण, आपलें पाणी आणि आपली कातडी यांची ओळख करून घ्यावी. मग उन्हाळ्याचा एक व थंडीचा एक असे दोन साबण बाळगण्यास हरकत नाहीं. हौस असेल तर तिसराहि असावा. परंतु बदल रोजच्या रोज न करतां एक साबण कांहीं आठवडे चालवून मग दुसरा घ्यावा. ज्या आठवड्यांत साबण बदलला त्या आठवड्यांत पातें, ब्रश व दाढीनंतरचें मलम हीं जुनींच ठेवावीं. वड्या कोरड्या व झांकून ठेवाव्या. खवट वास आला कीं काढून टाकाव्या. आणि त्रास झाला तर हातांतल्या वडीवर आळ घेण्यापूर्वीं मागचे तीन दिवस आठवावे.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि मग परिणाम पाहावा, हा प्रयोगशाळेंतला पहिला धडा आहे. तो शाळेंत शिकविला जातो आणि शाळेंतच राहतो. घरांत एकदम तीन औषधें बदललीं जातात, बागेंत खत आणि पाणी दोन्ही एकाच दिवशीं बदललीं जातात, आणि मग कशानें गुण आला व कशानें अपाय झाला, याची नुसती चर्चा चालते. रोज सकाळीं आरशापुढें तो धडा गिरविण्याची संधि फुकट मिळते. ती ज्यानें घेतली, त्याच्या कोनाड्यांत एक वडी असो कीं तीन असोत, त्याला आपल्या साबणाची खरी पारख झाली असें समजावें.