मागे जाऊन पुन्हा ऐकता येणारा वर्ग

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर, लेखक बोलतात. मी रेल्वेत डब्यांच्या देखभालीचे काम करणारा डिप्लोमाधारक इंजिनिअर. 'विद्यापीठातील शिक्षण आणि नवे तंत्रज्ञान' हा विषय समितीने मला दिला, तेव्हा "पदवी नसलेल्या माणसाने यावर काय बोलायचे?" असे मी विचारलेही. त्यावर आपले चिटणीस म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. आतल्या लोकांचे आम्ही नेहमीच ऐकतो." तेव्हा विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर उभे राहून मला जे ऐकू आले, तेवढेच आज सांगतो.

आधी थोडा इतिहास. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली रूढ झाला. खिशात मावणारा आयपॉड आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रक्षेपण, यांचा तो जोडशब्द. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या १,६०० हून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले. हेतू असा की, व्याख्याने मुद्रित करावीत आणि पुन्हा पुन्हा ऐकावीत. २००७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने विद्यापीठांच्या व्याख्यानांसाठी 'आयट्यून्स यू' हा स्वतंत्र विभाग उघडला. पुढे तो बंद झाला, आणि २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादनही थांबले. यंत्र गेले, पण सवय राहिली. आता तेच काम मोबाईल करतो.

हे सगळे परदेशात घडले असे मात्र नव्हे. आपल्या याच शहरात, हरणे मोकळी फिरतात त्या आयआयटी मद्रासच्या आवारात, १९९९ साली अशीच एक कल्पना मांडली गेली होती. त्यातून २००३ मध्ये 'एनपीटीईएल' हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी आणि रुरकी या सात आयआयटी आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी तो एकत्र उभा केला. खर्च केंद्र सरकारचा. आयआयटी मद्रासचे तेव्हाचे संचालक प्रा. एम. एस. अनंत आणि समन्वयक प्रा. मंगल सुंदर कृष्णन यांचा या उभारणीत मोठा वाटा आहे. मूळ प्रश्न साधा होता. देशात इंजिनिअरिंग कॉलेजे भराभर वाढली, पण तेवढे चांगले शिक्षक आणायचे कुठून? तेव्हा उत्तम शिक्षकाचा संपूर्ण अभ्यासक्रम, सुमारे चाळीस तासांचा, एकदाच मुद्रित करायचा आणि सर्वांना मोफत द्यायचा.

२००४ च्या १ फेब्रुवारीला अण्णा विद्यापीठाने आपल्या आवारातून 'अण्णा एफएम' हे देशातील पहिले कॅम्पस कम्युनिटी रेडिओ केंद्र सुरू केले, तेही याच शहरात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून "ज्ञानगंगा घरोघरी" नेण्याचे काम करीत आहे. म्हणजे वर्गाबाहेरच्या माणसाला शिकवण्याचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. साधने तेवढी बदलत गेली.

आता माझी गोष्ट. दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात झाले. गणित, विज्ञान चांगले होते. पॉलिटेक्निकमध्ये गेलो आणि पहिल्याच दिवशी सगळे इंग्रजीत सुरू झाले. सर वाईट शिकवत नव्हते. पण एका वाक्याचा अर्थ मनात लावेपर्यंत ते तिसऱ्या वाक्यावर गेलेले असत. साठ मुलांच्या वर्गात हात वर करून "सर, परत सांगा" म्हणायला जीभ रेटत नसे. आपल्यापैकी किती जणांचे असे झाले असेल, ते आपले आपल्याला ठाऊक. आमचे शिक्षण बुद्धी कमी पडली म्हणून अडले नाही. वर्गाचा वेग आणि भाषेचा वेग जुळला नाही, म्हणून ते अडले.

मुद्रित व्याख्यानाने माझ्यापुरते काही केले असेल, तर एवढेच केले की तो वेग माझ्या हातात दिला. थांबवावे, मागे जावे, पुन्हा ऐकावे. सुरुवातीला प्राध्यापकांचा इंग्रजी उच्चारच पटकन कळेना. मग वेग थोडा कमी करून, खालची अक्षरे वाचत ऐकू लागलो. एक तासाचे व्याख्यान मला तीन तास पुरे. पण यंत्र कंटाळत नाही आणि शेजारचा मुलगा हसत नाही.

याचा उपयोग काय झाला, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या कामात डब्याच्या एक्सलची अल्ट्रासोनिक तपासणी असते. एक्सलवर साधा ओरखडाही चालत नाही, असा नियम. नियम मी वर्षानुवर्षे पाळत होतो, पण का, ते 'धातूचा थकवा' या विषयावरील व्याख्याने ऐकल्यावर नीट समजले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की, एका दणक्याला न तुटणारे पोलाद त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा उलटसुलट पडला तर तुटते.

आता आपला हिशेब करा. डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ३५० फेरे. चेन्नई ते मुंबई सुमारे १,३०० किलोमीटर धरले, तर एका खेपेत साडेचार लाख फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात एक्सलचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. ओरखडा असला की तडा तिथूनच सुरू होतो. दिवाळीला तुम्ही-आम्ही गावी जाऊन सुखरूप परत येतो, त्यामागे ही तपासणी असते. हे कळल्यापासून तपासणीचे काम नव्या मुलांना समजावताना मी "नियम आहे म्हणून" एवढ्यावर थांबत नाही. पदवी मिळाली नाही, पण कामाचा अर्थ मिळाला.

मात्र या साधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिली गोष्ट, नाव नोंदवणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत जाणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. फुकट मिळाले की उद्यावर ढकलले जाते. म्हणूनच २०१४ पासून एनपीटीईएलने ४, ८ आणि १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम, दर आठवड्याचा स्वाध्याय आणि केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायची परीक्षा अशी पद्धत आणली. स्वाध्यायाला २५ गुण, परीक्षेला ७५. शिकणे मोफत, परीक्षेला शुल्क. माझे सांगणे असे की, परीक्षा द्यायची नसली तरी स्वाध्याय सोडवावा. नुसते ऐकून सगळे समजल्यासारखे वाटते, आणि वाटणे व समजणे यांत फरक आहे.

दुसरी गोष्ट, मुद्रित आवाजाला शंका विचारता येत नाही. मला अडले तेव्हा डेपोतला एक तमिळ सहकारी उपयोगी पडला. तोही गावाकडे तमिळ माध्यमात शिकलेला, त्याचीही तीच रड. जेवणाच्या सुट्टीत तो मला समजावी, मी त्याला. शिक्षकाची जागा यंत्र घेईल असे म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. यंत्र व्याख्यान देईल, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ ओळखायला माणूसच लागतो.

तिसरी गोष्ट रेल्वेचा माणूस म्हणून कळकळीने सांगतो. रुळाजवळ, रस्त्यावर, ड्युटीवर कानात इअरफोन नको. लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर ऐका. ज्ञान थांबेल, गाडी थांबणार नाही.

भाषेचे काय, असे भगिनीवर्गातून कोणी विचारील. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर कृती आणि कानात निवेदन. यांतले पुष्कळ धडे मराठीतूनही आहेत. संगणकाची सुरुवात करणाऱ्यांनी तिथूनच करावी.

आणि पदवी? डिप्लोमावाल्यांसाठी पूर्वी 'एएमआयई' ची वाट होती. नोकरी सांभाळून रेल्वेतले कितीतरी जण त्या वाटेने गेले. पण ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच तिची पदवीसमान मान्यता मिळाली. नंतरच्यांसाठी ते दार जवळजवळ बंद झाले. २०२० मध्ये आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. आधी चार आठवडे शिकायचे, मग पात्रता परीक्षा द्यायची. वयाची अट नाही. दार अरुंद आहे, विषयही मोजके आहेत, पण दार आहे.

शेवटी एक विनंती. सावकारपेठेत आपले खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक बांधव आहेत. त्यांची मुले आणि गावाहून कामाला आलेली पोरे हुशार आहेत. दहावी-बारावीनंतर भट्टीपाशी बसली की त्यांचे शिक्षण संपते. हे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. पडदा आहे, आवाजाची सोय आहे. दोन तास एकत्र बसून एक व्याख्यान ऐकू. जिथे अडेल तिथे थांबवू आणि ज्याला कळले त्याने मराठीत समजावून सांगावे. यांत्रिकी विषयांची जबाबदारी मी घेतो. संगणक आणि वाणिज्य शाखेसाठी आपल्यातूनच दोघे-तिघे पुढे या. खर्च चहाचा, तो मंडळ करील असे अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून दिसते!

विद्येच्या देवतेचा उत्सव आपण परमुलखात इतक्या हौसेने करतो. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी येथे हजर असेन. आपणही यावे, मुलांना घेऊन यावे.

गणपती बाप्पा मोरया!